फ्लेक्सवरचा ‘पहिला’

4 जून 2025 ला दुपारी पहिली शिफ्ट सुटली, कंपनीच्या गाडीतून नांदगाव पेठच्या चौकात उतरले, तर समोर नवाकोरा फ्लेक्स. मध्ये विराट कोहली, बाजूला हातात ग्लोव्ह्ज घातलेला आपला अमरावतीचा जितेश शर्मा, खाली चौकातल्या वीस-बावीस पोट्ट्यांचे फोटो. आणि ठळक अक्षरांत : ‘18 वर्षांची तपश्चर्या फळाला, आरसीबीचा पहिला कप!’

त्या ‘पहिला’ शब्दावर माझी नजर जी अडकली, ती आजही सुटलेली नाही.

आदल्या रात्री अहमदाबादला आयपीएलच्या फायनलमध्ये आरसीबीनं, म्हणजे बंगळुरूनं, पंजाबला 6 धावांनी हरवलं होतं. आनंद मलाही झाला होता. पण पहिला कप? मग 17 मार्च 2024 ला दिल्लीत पोरींच्या लीगचा कप स्मृती मानधनानं उचलला, तो कोणाचा होता? क्लब तोच, नाव तेच, मालक तेच. त्या संघात आपल्याच अमरावतीची दिशा कासट होती.

माझी लेक तेरा वर्षांची आहे. विकेटकीपिंग करते. शाळेत पोरींची टीम नाही, म्हणून पोरांत खेळते आणि पोरं तिला शेवटी बॅटिंग देतात. 13 फेब्रुवारी 2023 ला पोरींच्या लीगचा पहिला लिलाव झाला. स्मृतीला 3 कोटी 40 लाख मिळाले, सगळ्यात जास्त. सांगलीची पोरगी! नंतर दिशाला त्याच क्लबनं 10 लाखांत घेतलं, तेव्हा आमच्या घरात जास्त आरडाओरडा झाला, कारण सांगली दूर आहे आणि अमरावती इथून दहा-बारा किलोमीटर. लेकीनं तेव्हापासून लाल टी-शर्ट सोडला नाही.

2024 च्या फायनलला रविवार होता. मी सकाळीच चौकातल्या पोट्ट्यांना म्हटलं, पोरांच्या मॅचला पडदा लावता ना, आज पण लावा. त्यातला एक म्हणाला, “काकू, कोण पाहीन?” मी म्हटलं, मी पाहीन, माझी पोरगी पाहीन. तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला. आम्ही घरी मोबाईलवर पाहिली. दिल्ली बिनबाद 64 होती. लेक पाय पोटाशी घेऊन बसली होती. मग सोफी मॉलिन्यूनं एकाच षटकात तिघींना काढलं आणि दिल्ली 113 वर संपली. श्रेयांका पाटीलनं 12 धावांत 4 घेतल्या. शेवटच्या षटकात 8 विकेट राखून जिंकले. लेकीनं दिवाळीतली उरलेली एक फुलझडी अंगणात लावली. नांदगाव पेठमध्ये त्या रात्री तेवढाच उजेड झाला.

दोनच दिवसांनी बंगळुरूच्या मैदानावर क्लबच्या पुरुष खेळाडूंनी दोन रांगा करून टाळ्या वाजवत त्या पोरींना मधून चालत आणलं. म्हणजे क्लबनं मान दिला. आमच्या चौकाला मात्र तो कप झाल्याचंच माहीत नाही.

म्हणून फ्लेक्स दिसला त्या दुपारी मी घरी न जाता सरळ तो लावणाऱ्या पोराकडे गेले. ओळखीचाच आहे, त्याच्या आईसोबत मी भिशीत आहे. म्हटलं, बाबू, हे चूक आहे. पहिला कप पोरींनी आणला.

तो म्हणाला, “काकू, ते बाईयचं झालं. हे मेन टीमचं हाय.”

“मग त्या कोणत्या टीमच्या?”

“त्याच. पण मेन नाई ना.”

मी म्हटलं, बरं, फ्लेक्स काढू नको. ‘पुरुषांचा’ एवढ्या एका शब्दाची पट्टी छाप आणि ‘पहिला’च्या आधी चिकटव. पैसे माझ्याकडून घे.

त्यावर तो जे बोलला, ते मी शंभर वेळा आठवलं असेल. म्हणाला, “काकू, पुरुषांचा कप असं कोणी लिहिते का? लोकं हासतीन.”

त्याचं म्हणणं खरं होतं. कोणी लिहीत नाही. पुरुषांची मॅच असं कोणी म्हणत नाही, मॅच म्हणतात. पोरींची असली की महिला मॅच. पोरगा खेळतो तो क्रिकेटर, पोरगी खेळते ती महिला क्रिकेटर. एका शब्दाची पट्टी लावायला दोन मिनिटं लागली असती, आणि तीच कोणाच्या हातून लागेना. मी तिथं अर्धा तास उभी होते. आजूबाजूला आणखी चार-पाच जण जमले. एक जण म्हणाला, काकू, जितेशभाऊचा तुम्हाला अभिमान नाही का?

हे मला फार लागलं. मला अभिमान नाही? 2016 ला मुंबईनं त्याला 10 लाखांत घेतलं आणि दोन हंगाम एकही मॅच दिली नाही, तेव्हापासून मी त्याचं नाव शोधते. 27 मे 2025 ला लखनौत 228 चा पाठलाग करताना त्यानं 33 चेंडूंत नाबाद 85 मारले, तेव्हा याच चौकात याच पडद्यापुढे मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. त्याचा झेल गेला आणि तो नो-बॉल निघाला, तेव्हा मी शेजारणीचा हात इतका दाबला की तिची बांगडी फुटली. खरं सांगायचं तर पोरींच्या फायनलला मी इतकी ओरडले नव्हते. मोबाईलच्या बोटभर पडद्यापुढे दोघींनीच कसं ओरडणार? गर्दी असली की आवाज आपोआप निघतो, आणि पोरींना आपण गर्दीच देत नाही.

लोक पैशाचा हिशोब सांगतात. पाहणारे कमी, म्हणून पैसा कमी. 10 लाखांपासून सुरू झालेल्या जितेशला आरसीबीनं 11 कोटी दिले, त्याचे ते हक्काचे आहेत. पण 2023 ला पोरींची अख्खी टीम उभी करायला एका क्लबला 12 कोटींचीच मुभा होती. कप जिंकल्यावर पोरींना 6 कोटी, पोरांना 20. मी हे मान्य करते की पाहणारे वाढले तर पैसा वाढेल. पण पाहणारे वाढायला आधी चौकात पडदा लागतो. आणि त्याही आधी पोरी मैदानावर लागतात. म्हणून ज्यांच्या घरी खेळणारी पोरगी आहे, त्यांना माझं एकच सांगणं आहे, तिला मैदानावर पाठवा आणि अंधार पडायच्या आत आणायला स्वतः जा. ‘रस्ता चांगला नाही’ म्हणून खेळ बंद करू नका.

फ्लेक्सवरून भांडले त्याच संध्याकाळी टीव्ही लावला तर बंगळुरूची बातमी. विजयाच्या सोहळ्याला आलेल्या गर्दीत स्टेडियमबाहेर चेंगरून 11 माणसं गेली. चौकातला डीजे पोट्ट्यांनी स्वतःहून बंद केला. मला माझीच लाज वाटली. कोणाचं लेकरू मॅच पाहायला गेलं ते परत आलं नाही, आणि मी एका शब्दासाठी भांडत होते. ठरवलं, आता हा विषय काढायचा नाही.

पण त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला भारताच्या पोरींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. या वेळी पोट्ट्यांनी पडदा लावला, मला घरी येऊन बोलावलं, फटाके फोडले. मी रडले. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला, स्मृतीचा मोठा फोटो, आणि वर ‘महिला विश्वचषक विजेत्या’. तिथं मात्र ‘महिला’ लिहायला कोणी विसरलं नाही.

लेकीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणते, “जाऊ दे ना माय.” तिचा देव दिशा नाही, जितेशच आहे. कारण विचारलं तर म्हणाली, तो कीपर आहे, मी कीपर आहे. त्यात पोरगा-पोरगी तिला दिसतच नाही. बरोबर ती आहे की मी, मला सांगता येत नाही.

जूनचा तो फ्लेक्स पाऊस लागल्यावर उतरवला. आमच्या घरच्यांनी कुटारावर झाकायला मागून आणला. मी म्हटलं, उलटा टाका. लेकीनं सुलटा टाकला, जितेशचे ग्लोव्ह्ज दिसायला पाहिजेत म्हणून. आता सकाळी गायीला कुटार काढायला गोठ्यात गेले की तो शब्द रोज वाचावा लागतो. एक दिवस लेकीची स्केचपेन घेऊन गेले, ‘पुरुषांचा’ लिहायला. फ्लेक्सवर शाई धरत नाही.