सुहेलीचे पाणी आणि लातूरचे रांजण

वाचकहो, नांदेडला गोदावरीच्या घाटावर उभे राहिलात, तर समोरचे पाणी पूर्वेकडे, दूरच्या बंगालच्या उपसागराकडे निघालेले दिसेल. आपल्या नित्याच्या जीवनात समुद्राला स्थान नाही, मग शिडाच्या होडीला कोठून असणार? तरीही मुंबईत घडलेल्या एका होडीची सफर मराठवाड्यातील प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे.

तिचे नाव सुहेली. 1960 च्या दशकात मुंबईच्या सुतारांनी सागवानात बांधलेली, अवघी 32 फुटांची, त्या काळीही जुन्या घाटणीची मानली गेलेली ही होडी. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फालमथहून एकटा निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 रोजी तेथेच परतला. एकट्याने विनाथांबा केलेली ही पहिली प्रदक्षिणा. त्या शर्यतीत नऊजण उतरले होते. पूर्ण करणारा तो एकटाच.

या सफरीची पहिली शिकवण एका फटीची. आरंभीच होडीत पाणी झिरपू लागले. नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात पाण्याखाली बुडी मारून फळ्यांमधील सांध्यात कापसाचा धागा ठासून बसवला. जुनी होडी झिरपणारच. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या आणि केव्हा ध्यानात येते. वयस्क शरीराचेही तसेच आहे. घरात मधुमेही आजोबा असतील, तर रोज रात्री त्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. संवेदना मंदावलेल्या पायाला जखम कळत नाही. ती डोळ्यांनीच शोधावी लागते. फोड, चीर वा रंगबदल दिसताच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दुसरी शिकवण पाण्याची. पुढे वादळी प्रवासात सुहेलीच्या टाक्यांतील गोडे पाणी दूषित झाले. भोवती अथांग पाणी आणि पिण्याला थेंब नाही! शिडावरून निथळणारे पावसाचे पाणी बादलीत धरून त्याने उरलेला प्रवास निभावला.

लातूरकरांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी लातुरात आली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात सारे शहरच जणू होडीवर राहत होते: साठा मोजका आणि पुढचे पाणी केव्हा येईल याचा नेम नाही. पिंप, रांजण, घागरी, जे हाती लागेल ते भरून ठेवले जात होते.

अशा साठ्याचे आरोग्य सांभाळणे ही गृहस्थाची सागरविद्याच होय. पिण्याचे पाणी वापरण्याच्या पाण्यापासून वेगळे आणि झाकून ठेवावे. ते काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. हात बुडवू नये. शंका असल्यास पाणी खळखळून उकळावे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी करावीत. ते पाणी फेकून न देता झाडांना द्यावे.

आणि एक विवेक विसरू नये. काटकसर आंघोळीत, धुण्यात, अंगण शिंपडण्यात करावी. पिण्यात करू नये. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, शिवाय टंचाईच्या दिवसांत घरातील वडीलधारी मंडळी स्वतःच्या वाटणीचे पाणी मुकाट्याने नातवंडांसाठी राखतात. वैशाखातल्या उन्हात हा त्याग जिवावर बेतू शकतो. त्यांच्यासाठी वेगळा तांब्या भरून ठेवावा आणि तो सायंकाळपर्यंत रिता झाला का, हे आपण पाहावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवस समुद्रावर होता. नव्या, वेगवान होड्या मागे पडल्या. मुंबईच्या सागवानाची संथ होडी परतली. तिची निगा रोजच्या रोज राखली जात होती, हे त्यामागचे मोठे कारण होते. आपल्या घरातही रोज संध्याकाळी तळपाय, तांब्या आणि रांजण या तीन गोष्टी पाहिल्या जाव्यात. त्यासाठी पाच मिनिटे पुरतात.