तेरा महिन्यांचं वर्ष

कोकणात माणूस गेलं की समाचाराला येणारे एकदम येत नाहीत, वर्षभर येत राहतात. वाडीतले त्याच दिवशी येतात, तालुक्यातले सोयरे दहाव्या-बाराव्याला. मुंबईत ज्यांना रजा मिळत नाही ते शिमग्याला, मे महिन्यात, नाहीतर गणपतीत. पाय धुऊन पडवीत शिरलं की आधी त्या घरच्या आईजवळ बसायचं, ही आमच्याकडची रीत. ती प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगते. ताप कधी आला, फोनवर शेवटचं काय बोलला, ॲम्ब्युलन्स गावात किती वाजता पोचली. ऐकणारा बदलतो आणि सांगणं तेच राहतं. वरवर क्रूर वाटणारी ही रीत आईला तगवते, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या काकीचा मुलगा २०१९च्या नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, मुंबईत अल्प आजाराने गेला. लग्न व्हायचं होतं. आम्हा चुलत भावंडांतला तो सगळ्यांत धाकटा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ते काकीच्या तोंडी शोभतं. मुंबईच्या माणसांचा निम्मा समाचार मे महिन्यासाठी राहिला होता, आणि तो मे महिना नेहमीसारखा आलाच नाही.

आमची पिढी सुट्टीत गावी येऊन वाढली. मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचं ते कौलारू घर आमच्यासाठी एप्रिल-मेचंच होतं. थंडीतलं आणि भर पावसातलं घर आम्हांला ठाऊक नव्हतं. २०२०च्या मार्चमध्ये होळीला आलेले आम्ही काहीजण, काकीजवळ थोडं राहू म्हणून मागे थांबलो. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी लागून जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि २५ला देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो गुढीपाडवा होता. वाडीतल्या लोकांनी दार अर्धं लावून गुढ्या उभारल्या. आमच्याकडे दुखवट्यामुळे पाडव्याचा सण नव्हता, त्यामुळे गुढीची काठी माळ्यावरच राहिली.

आचरं हे गावपळणीचं गाव. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. गाव रिकामा करायचा कसा हे या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण भरलेल्या गावात कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, हे नवं होतं. काकीची बहीण वेंगुर्ल्याला. वाट काही तासांचीही नाही, पण तिला येता येईना. ती रोज दुपारी फोन करायची. काकी माजघराच्या उंबऱ्यावर बसून बोलायची आणि बराच वेळ दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

दर महिन्याच्या मासिकाला भटजी येऊ शकत नव्हते. ते फोनवरून मंत्र सांगायचे, फोन पाटाशेजारी ठेवलेला असायचा आणि काका हातात दर्भ घेऊन पाणी सोडायचे. मुलाचं बापाने करायचं, हे बघणंच कठीण होतं. मध्येच आवाज तुटला की काका पाण्याची पळी तशीच धरून वाट बघत राहत, हे आमच्यापैकी कुणीही विसरलेलं नाही. त्यातच त्या वर्षी अधिक आश्विन आला. तिथीने वर्ष पुरं व्हायला तेरा महिने लागले.

रात्री दूरदर्शनवर रामायण लागायचं. १९८७ साली याच घरात अख्खी वाडी ते बघायला जमायची, असं थोरले सांगतात. २८ मार्चपासून ते पुन्हा सुरू झालं तेव्हा पडवीत फक्त घरचे होतो. दशरथाच्या भूमिकेत बाळ धुरी आणि कौसल्येच्या जयश्री गडकर, हे पडद्याबाहेरही नवरा-बायको होते. जयश्रीबाई म्हणजे काकीच्या पिढीचं दैवत. राम वनवासाला निघाला आणि पुढे काय येणार हे आम्हांला कळत होतं. दशरथाच्या मृत्यूच्या रात्री थोरल्या दादाने टीव्ही बंद करायला हात पुढे केला. काकी म्हणाली, "ऱ्हवांदे." शेवटपर्यंत बघितलं तिने. मग उठता उठता म्हणाली, "राजाक निदान मोठ्यान रडाक तरी गावला."

त्या एका वाक्याने आम्हांला पुष्कळ कळलं. ती घरात मोठ्याने रडत नव्हती, कारण घर आमच्याने भरलेलं होतं. तरुण पोरं अडकून पडलेली, कुणाची नोकरी जाईल काय याची धास्ती, कुणी कामासाठी रेंज शोधत सड्यावर बसलेला. या सगळ्यांचं दोन वेळचं तिच्यावर होतं. ५ एप्रिलला रात्री नऊला देशभर दिवे लावायचे ठरलं तेव्हा कुणीतरी पणत्या काढून आणल्या. तिने त्या पुसून परत ठेवल्या. "दिवो काय मी आजच लायतंय? रोज तिनसांजेक लायतंय," एवढंच म्हणाली. तुळशीपुढचा तिचा दिवा तेव्हा जळतच होता.

मग आगोटीची कामं सुरू झाली. पावसाआधी कोकणातल्या घरात जे चालतं ते सगळं त्या वर्षीही चाललं, आणि आम्ही ते पहिल्यांदाच सुरुवातीपासून पाहिलं. रातांबे फोडून सोलं वाळवणं, कुळीथ निवडणं, मिरच्यांचे देठ काढणं, सुकी सुंगटं आणि बांगडे डब्यात भरणं. बांगडा मात्र तिने स्वतः सोडला होता, त्याला आवडायचा म्हणून. आमच्यासाठी भाजायची, तिखला करायची, आणि स्वतः कुळथाची पिठी नि भात घेऊन बसायची. वाशीच्या बाजाराचा भरवसा नव्हता, म्हणून बागायतदार मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट हापूसच्या पेट्या धाडत होते. काकांच्या चार कलमांना कोण विचारतो? जे पिकलं त्याचा रस काढून काकीने साठं घातली. खळ्यात बाजेवर ताटं मांडून एकावर एक थर वाळवायचे, कावळ्यांवर लक्ष ठेवायचं.

घरातल्या ताटांवर आमची नावं कोरलेली आहेत. आमच्या लहानपणी भांड्यांवर नाव घालायची पद्धतच होती. साठं घालायला ताटं कमी पडली तेव्हा काकीने आतल्या बाजूला बघून त्याचं नाव घेतलं आणि म्हणाली, "त्याचा ताट हाड." तोवर घरात ते नाव घ्यायचं नाही असा न ठरवताच नियम पडला होता. फोटो दिसला की बोलणं बदलायचं, त्याचा विषय निघाला की कुणीतरी विहिरीवर जायचं. तो नियम काकीने मोडला. त्या दिवसानंतर ती रोज कसल्या ना कसल्या निमित्ताने त्याचं नाव घेऊ लागली. पडवीत झाकून ठेवलेली त्याची मोटारसायकल आठवड्यातून एकदा चालू करायला लावायची. "बॅटरी उतारता," म्हणायची. इंजिन चालू झालं की ती स्वयंपाकघरात असली तरी हात थांबवायची, आणि बंद झालं की पुन्हा भाकरी थापायला घ्यायची.

शेजारपाजारचे कुंपणापलीकडून म्हणत, कामात आहे ते बरं, विसरेल हळूहळू. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कामात ती एक क्षणही विसरत नव्हती. मे महिन्यात येऊन कौलं चाळणं हे त्याचं काम होतं, सरपण खोपीत रचणं त्याचं, आईला मालवणच्या बाजारात मागे बसवून नेणं त्याचं. ती कामं तिने एकेक करून आम्हांला वाटून दिली. कुणाला काय द्यायचं हे तिने विचार करून ठरवलेलं दिसत होतं. छपरावर काका आणि दादा चढले तेव्हा ती खळ्यात उभी राहून कुठलं कौल फुटकं आहे ते दाखवत होती. आदल्या वर्षी त्याने दाखवलं होतं म्हणून तिला ते ठाऊक होतं.

मे महिन्यात चाकरमानी यायला लागले. पास काढून, मिळेल त्या गाडीने. चौदा दिवसांसाठी त्यांची सोय गावच्या शाळेत झाली. गावात भीती होती, वादही झाले, त्यात मी शिरत नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं आमचीच होती. शाळेत राहिलेल्यांत त्याच्या बरोबरीचे मुलगे होते. काकी रोज एक टोप भरून काहीतरी करायची, आम्ही तो शाळेच्या गडग्यावर ठेवून यायचो. एकदा ती स्वतः आली. लांब उभी राहून तिने विचारलं, "जेवलास रे पोरांनू?" परत येताना वाटेत म्हणाली, "माझो असतो तर तोय हयच असतो." त्या मुलांना वर्षाचा समाचार घ्यायचा होता, त्यांनी तो गडग्याच्या आतून, हात जोडून घेतला.

२२ ऑगस्टला गणपती आले, दोन फुटांच्या आतली मूर्ती, दीड दिवसाचा. माटवी बांधली, पण बुवांचं भजन घरोघरी फिरलं नाही. श्रावणापासून आम्ही एकेक करून परतू लागलो होतो.

पुढच्या वर्षीचं मी थोडक्यात सांगतो. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, झाडं पडली, मालवण-देवगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. त्याच सुमारास वाडीतल्या एका बाईची मुलगी मुंबईत कोविडने गेली. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी असायची, आणि आईला तर मुंबईला पोचताही आलं नाही. काकी रोज तिनसांजेला कंदील घेऊन तिच्या खळ्यात जाऊन बसू लागली, मधे अंतर ठेवून. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, लहानपणी चेडवाला काय नावाने हाक मारायचीस. त्या बाईने सांगितलं आणि मग तिला पुढचं सगळं सांगता आलं.

त्या दोन वर्षांत आपल्या प्रत्येक वाडीत असं एखादं घर झालं आहे, आणि मुंबई-पुण्याकडचा समाचार तिथे अजून पोचलेला नाही. या मे महिन्यात गावी जाल तेव्हा त्या घरी जा. पाय धुऊन आत जाऊन आईजवळ बसा, आणि तिच्या मुलाचं नाव तुम्ही आधी घ्या.