भेंडीवरचा मावा



चातुर्मासात पालेभाजी बंद, कंदमूळ तर आपल्याकडे बाराही महिने नाही. उरलेली भाजी बाजारातून आणावी तर त्यावर किती औषध मारलंय कोण जाणे. म्हणून यंदा ज्येष्ठातच गच्चीवर २० लिटरच्या ८ जुन्या बादल्या मांडल्या. तळाला भोकं, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग दोन वाटे माती आणि एक वाटा चांगलं कुजलेलं शेणखत. भेंडी, गवार, दोडका लावला. पाणी गाळूनच घालायचे. खालच्या ताटलीत साचू द्यायचे नाही, नाहीतर डास होतात आणि मग पुन्हा तोच प्रश्न.

श्रावणात भेंडीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा आला. दुकानदाराने एक बाटली दिली. सासूबाई सामायिकाला बसल्या होत्या, तेवढ्यात मी फवारून आले.

सकाळी बादलीभोवती मेलेल्या मुंग्या होत्या. पानावर एक ठिपक्यांचा लाल ढालकिडाही उलटा पडला होता. तो बिचारा मावा खायलाच आलेला, म्हणजे माझंच काम करत होता.

मनाला समजावलं, गृहस्थाला आरंभी हिंसा टळत नाही. चूल पेटवली, केर काढला तरी जीव जातातच. पण केर काढताना कुणाला मारायचं मनात नसतं. बाटली मात्र मी मारण्यासाठीच हातात घेतली होती. ही संकल्पी हिंसा. औषधाच्या भाजीला भिऊन मी गच्चीवर तेच औषध नेलं होतं.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपलं ताट वाढायला दुसऱ्याचं कशाला पालथं करायचं?"

त्या झाडांची भेंडी आम्ही खाल्ली नाही. आता खत बेतानं घालते, कारण जास्त खतानं झाड लुसलुशीत होतं आणि मावा धरतो. बादल्या लांब लांब ठेवल्यात. मावा दिसलाच तर तेवढा शेंडा खुडून मागच्या कुंपणातल्या झुडपावर अलगद ठेवते. त्यातले सगळे जगतात असं मी म्हणणार नाही. म्हणून रोजच्या प्रतिक्रमणात त्यांचीही क्षमा मागते.

काल ११ भेंड्या निघाल्या. दोन किडक्या होत्या, त्या झाडावरच ठेवल्या.