काखेतला चौकोन

चार इंचांची एक चौकोनी चिंधी सध्या माझ्या डोक्यातून जात नाहीये! भेटेल त्याला सांगतेय, भाजीवालीलाही सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

भाचीसाठी खणाचं पोलकं शिवत होते. गुळेदगुडचा अस्सल खण, गडद जांभळा. छाती बरोबर, खांदा बरोबर, गळा तर सुरेखच बसला. पण पोरीने हात वर केला की अख्खं पोलकं हाताबरोबर वर, आणि काखेत करकचून काचायचं. बाजूच्या शिवणीतला दाब सोडून पाहिला. पोलकं सैल झालं, हात मात्र तिथेच अडलेला! खणाचा पन्हा मुळात लहान, नव्या बाह्या काढायला कापडही उरलं नव्हतं.

नाक्यावरच्या शिंपीकाकांना दाखवलं. त्यांनी पोलकं उलटं केलं, काखेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "रुंदी कशाला वाढवताय ताई? इथे लांबी कमी पडतेय. चौकोन घाला."

लांबी! खरंच की! हात वर जातो तेव्हा कमरेपासून कोपरापर्यंतचं अंतर वाढतं आणि कापड असतं तेवढंच, मग ते खालून ओढलं जाणारच.

त्याच संध्याकाळी बसले. काखेपासून खाली बाजूची शिवण 3 इंच उसवली, बाहीची शिवणही 3 इंच उसवली. उरलेल्या चिंध्यांत नेमका 4 इंचांचा चौकोन निघाला, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा इंच दाब धरून आत 3 इंच. तो शंकरपाळ्यासारखा उभा धरायचा: एक टोक बाहीच्या शिवणीत, समोरचं टोक बाजूच्या शिवणीत, उरलेली दोन मुंढ्याच्या शिवणीवर, एक पुढून, एक मागून. प्रत्येक कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबायचं, सुई कापडात रुतवून ठेवायची, मशीनचा फूट उचलायचा, कापड वळवायचं आणि मग पुढची बाजू. इथे घाई केली की चुणी पडते, आणि खणाचे धागे भराभर सुटतात, म्हणून कडेने आधी हाताने टाके घालून घेतलेले बरे.

यातली खरी गंमत मला शिवताना बोटांना कळली. उभ्या धाग्यात खण ताणत नाही, आडव्या धाग्यात ताणत नाही, पण तिरका ओढला की लवतो! चौकोन शंकरपाळ्यासारखा बसल्यामुळे हात वर जाताना ताण बरोबर त्या तिरक्या, उरेब दिशेनेच येतो. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी 1920 च्या दशकात याच उरेब कापडाच्या लवचीकपणावर अंगासरशी वाहणारे पोशाख उभे केले. तोच गुण भाचीच्या काखेत, चिंधीभर कापडात!

आणि ही युक्ती किती जुनी! कुडत्यातला चौबगला म्हणजे हाच चौकोन. धड सरळ, बाह्या सरळ, मुंढ्याला गोलाई नाही, कापड वाया जात नाही, आणि हात हलायला काखेत हा तुकडा. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपातल्या लिननच्या शर्टांतही तो असायचा. आपण गोल मुंढा शिकलो आणि याला विसरलो, ही मला मोठी हानी वाटते.

आता मला जिथेतिथे सोडवणूक दिसतेय. गळा खांद्यावरून उतरतोय? मागे नाडी लावा, खांदे जागेवर राहतात. परकर आखूड झाला? खाली दुसऱ्या रंगाचा काठ जोडा. इस्त्रीचा डाग पडला? त्यावर खिसा लावा. पण चौकोनाची सर कशालाच नाही, कारण बाकीचे उपाय बिघडलेलं निभावून नेतात आणि हा कपडा आधीपेक्षा चांगला करतो. माझ्या मते मुलांच्या प्रत्येक पोलक्यात तो पहिल्यापासूनच घालायला हवा.

तुमच्याही कपाटात काखेत काचतं म्हणून बाजूला पडलेलं एखादं पोलकं, एखादा कुडता असेलच. आजच काढा, काखेतली शिवण उसवा आणि चिंध्यांच्या पिशवीत 4 इंचांचा तुकडा शोधा.