इन्व्हर्टर जिन्यात नको, आत्या

ती. स्व. आत्यास,


तीन किलोवॉटचं सोलर घ्यायचं ठरवलंस आणि ७८ हजारांच्या अनुदानाचा अर्जही भरलास, हे ऐकून बरं वाटलं. पॅनल कुणाचे घ्यावेत यावर अख्ख्या अकोल्यानं सल्ला दिला असेल. पॅनलच्या डीसी विजेची घरासाठी एसी करणारा इन्व्हर्टर कुठे टांगायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. कामाला आलेली पोरं हातात ड्रिल घेऊनच ते ठरवतात, आणि तुझ्याकडे ती गच्चीवरची जिन्याची खोलीच निवडतील. वायर वाचते ना!

तिथे लावू देऊ नकोस. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्या खोलीच्या पत्र्याखाली काय होतं, ते तुला पापड वाळवून माहीत आहे. इन्व्हर्टर फार तापला की स्वतःला वाचवायला वीजच कमी बनवतो. म्हणजे ऊन सगळ्यात कडक तेव्हाच तुझी युनिटं गळणार. आतले कपॅसिटरही उष्णतेनं लवकर थकतात. त्यापेक्षा पोर्चमधली उत्तरेची भिंत उत्तम: सावली आहे, वारा आहे आणि मीटर शेजारीच. आतोबांच्या खोलीची भिंत मात्र नको. इन्व्हर्टर दिवसभर गुणगुणतो आणि त्यांची दुपारची झोप तुला ठाऊक आहे.

पोरं म्हणतील, 'पंचवीस मीटर वायर लागेल, व्होल्टेज ड्रॉप होईल.' होईल की. पण किती? साडेपाचशे वॅटचे सहा पॅनल एका माळेत जोडले की भर उन्हात साधारण २५० व्होल्ट आणि १३ अँपिअर मिळतात. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन पन्नास मीटरला सव्वातीन व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. सहाची वायर घेतलीस तर एक टक्क्याच्या आत.

आणि इन्व्हर्टर वर ठेवला तरी तेवढंच अंतर एसी वायरीला कापावं लागेल. करंट तेवढाच, नुकसानही जवळपास तेवढंच. वर आणखी एक त्रास आहे. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला आपलं व्होल्टेज लाइनपेक्षा वर ठेवावं लागतं. तुमच्याकडे दुपारी लाइन आधीच चढलेली असते. त्यात वायरीचे तीन व्होल्ट मिळाले आणि आकडा २५३च्या पुढे गेला, तर इन्व्हर्टर बंदच पडू शकतो. म्हणून लांब वायर डीसीची, आखूड एसीची.

डीसीला मात्र मान द्यायचा. एसी दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीची पेटली की पेटतच राहते. त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खुपसू देऊ नकोस आणि वायरीला मध्ये कुठे सांधा नको. प्लस-मायनस दोन्ही वायरी एकाच वाटेनं, शेजारी शेजारी उतरव; त्या दूर गेल्या की जवळपास वीज पडल्यावर मधल्या मोकळ्या जागेमुळे मोठा झटका येतो. तडितवाहकाची पट्टी मात्र घराच्या दुसऱ्या बाजूनं, आपल्या वेगळ्या खड्ड्यात.

वायरी घालायचा साधा पांढरा पाइप उन्हानं दोन-चार वर्षांत तडकतो, आणि तुमची वानरं त्याला तेवढीही मुदत देणार नाहीत. गच्चीवर जस्त चढवलेला ट्रे मागून घे, गच्चीपासून चार बोटं उचलून बसवलेला.

पोरं येण्याआधी खडूनं भिंतीवर वाट आखून ठेव आणि फोटो पाठव. पैशांचा शेवटचा हप्ता तोवर देऊ नकोस, जोवर डीसीचा स्विच तुझ्या हाताला पोचत नाही.

तुझी,
सोनू