पंचविसावी वाटी

आईने नोझल डोळ्यांपाशी नेलं, बोटांत गोल फिरवलं आणि म्हणाली, "अगं, ही तर शेवेची चकती. टोपी घातलेली."

तिचं बरोबर होतं. केकवर गवत काढायचं 233 नंबरचं नोझल म्हणजे पत्र्याचं शंकूसारखं टोपण आणि टोकाला बारीक भोकांची गर्दी. आमच्या पितळी सोऱ्यातल्या चकतीची धाकटी बहीणच. फरक इतकाच, की सोऱ्यातून शेव खाली कढईत सुटते, आणि इथे पिशवी दाबत क्रीम वर ओढून घ्यायचं असतं. शेव पडते, गवत उगवतं.

ओवीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, दहाव्या वाढदिवसाला मैदान हवं होतं. मागच्या वर्षी युनिकॉर्न होता. त्याच्या आदल्या वर्षीही युनिकॉर्नच. पण यंदा वाढदिवसाच्या आधीचा रविवार 2 नोव्हेंबरचा होता, आणि त्या रात्री ती आयुष्यात पहिल्यांदा बारा वाजेपर्यंत जागी राहिली. नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पावसामुळे बायकांच्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना दोन तास उशिरा सुरू झाला. आपल्या मुलींनी 298 केल्या, दक्षिण आफ्रिका 246 वर संपली. हरमनप्रीतने मागे मागे धावत शेवटचा झेल घेतला, तेव्हा बाळकुमच्या टॉवरांमधून जो ओरडा उठला तो खाडीपलीकडे कशेळीपर्यंत गेला असणार. कुणी तरी दिवाळीतली उरलेली लड लावली. तुळशीच्या लग्नाचे दिवस, त्यामुळे ती कुणालाच वावगी वाटली नाही. नेरूळ आमच्यापासून तसं काही फार लांब नाही. ओवीच्या लेखी तर तो सामना मागच्या गल्लीत झाला.

भावाच्या गॅलरीत उभं राहिलं की एका अंगाला जुना आग्रा रोड दिसतो. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, त्यांच्या डोक्यावर मेट्रोचे खांब. दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिवरं. मधे कुठे कुठे पाड्यातली जुनी घरं टिकून आहेत. दुपारी वारा तिकडून आला की सुकट भाजल्याचा वास अठराव्या मजल्यापर्यंत चढतो, आणि वहिनी खिडक्या लावायच्या ऐवजी भाकरीचं पीठ मळायला घेते. मैदान मात्र कुठूनच दिसत नाही. पोरं खेळतात ती तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या जाळीत, प्लास्टिकच्या हिरव्या गालिच्यावर. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. ओवीला तो गालिचा आवडतो. गुडघे फुटत नाहीत, म्हणते.

भाऊ नकाशे काढण्याची नोकरी करतो, त्यामुळे त्याच्या घरात मापाशिवाय काही होत नाही. कपकेक एकमेकांना चिकटवून मैदान करायचं ठरलं, तेव्हा त्याने पेन्सिल घेतली. एक कप सात सेंटिमीटरचा. ओळी चार, पाच, सहा, पाच, चार. एकूण चोवीस कप, आणि आपोआप लंबगोल. सर्वांत रुंद जागी बेचाळीस सेंटिमीटर. खऱ्या मैदानाचा व्यास 120 मीटर धरला तर आपलं मैदान 286 पटींनी लहान.

"म्हणजे ताई, पिच सात सेंटिमीटर," तो म्हणाला. "एक कप. बावीस यार्डांचं मिळून एवढंच."

पुढचं गणित माझंच मी करत बसले, कारण ते सोडवेना. पिचची रुंदी एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीहून थोडी कमीच. स्टंपची उंची अडीच मिलिमीटर, म्हणजे जिऱ्याचा अर्धा दाणा. उभी हरमनप्रीत एका अख्ख्या जिऱ्याएवढी. आणि चेंडू? चेंडू पाव मिलिमीटर. खसखशीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे चौपट. गॅलरीच्या वरच्या टोकाला बसणारा माणूस हा एवढा खेळ बघायला तिकीट काढतो, आणि वर शेजारच्याला सांगतो की चेंडू आत वळला.

मापाने केलं असतं तर ताटभर हिरव्या क्रीमवर चिमूटभर जिरं पसरून मोकळी झाले असते. मुलांनी ते फुंकून टाकून खाल्लं असतं. म्हणून मापाला रजा दिली.

स्टंप कशाचे करायचे हा प्रश्न मला पडलाच नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात प्लास्टिकचे बॅट, बॉल, स्टंप, टोपीवाले खेळाडू असा सगळा संच पिशवीत बांधून मिळतो. मी तो हातात घेऊन परत ठेवला. स्टंप जाड शेवेचे असतात. हे मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

1984 साली कल्याणला माझ्या मावशीचं लग्न झालं. आदल्या वर्षी कपिलच्या संघाने विश्वचषक आणलेला, आणि नवरदेव क्रिकेटवेडे. तेव्हा आईने रुखवतात मैदान मांडायचं ठरवलं. इतर मांडणी नेहमीचीच होती, बिस्किटांचा बंगला, चिरोट्यांचं कमळ, सुपाऱ्यांची सप्तपदी. पण मधोमध पाटावर मैदान. सुक्या खोबऱ्याचा कीस हिरव्या रंगात चोळून वाळवलेला, ती हिरवळ. बेसनाचे अकरा लाडू क्षेत्ररक्षणाला, रव्याचे दोन पांढरे फलंदाज, डिंकाचे दोन पंच. आणि जाड शेवेचे सहा स्टंप, खाली साखरेच्या घट्ट पाकाने रोवलेले. वराकडची मंडळी बंगला आणि कमळ सोडून त्या पाटाभोवती जमली. एका काकांनी लाडू उचलून स्लिपमध्ये सरकवला. आई पदराआडून म्हणाली, "डावखुरा आहे तो, तिथे नको." सगळे हसले, ते तिला कुठून कळणार म्हणून. तिला सगळं कळत होतं. रेडिओवरची कॉमेंटरी ऐकत ती वर्षानुवर्षं गहू निवडत आली होती. मैदानात मात्र तिने पाऊल ठेवलं नव्हतं. 1978 साली बायकांचा विश्वचषक आपल्याच देशात होऊन गेला होता, ही गोष्ट त्या मांडवातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हती. आईलासुद्धा नाही.

शनिवारी दुपारी भाजायला सुरुवात केली. भावाकडचा ट्रे सहा कपांचा, म्हणजे चार घाणे. ओटीजी मुद्दाम 160 वर ठेवला, कारण 180 वर कपकेक घुमटासारखे फुगतात आणि घुमटावर क्रिकेट खेळता येत नाही. चौथा घाणा निघाल्यावर भांड्याला पळीभर पीठ राहिलं. ते मी स्टीलच्या वाटीत तूप लावून ओतलं आणि आत सरकवलं. हा माझा नेहमीचा रिवाज. वाटीतला केक नमुन्याचा, करणारीचा, चहाबरोबर उभ्याने खायचा.

मग घोटाळा कळला. मधल्या ओळीत सहा कप, म्हणजे बरोबर मध्यावर कप नाही, दोन कपांमधली फट आहे. आणि मैदानाच्या मध्यावर काय असतं? नकाशेवाल्याने डोक्याला हात लावला. मी एका कपाचा कडेचा तुकडा कापून फटीत दाबला, वर क्रीम लिंपलं, मारी बिस्किटाच्या चुऱ्यात चिमूटभर कोको मिसळून ते पसरलं आणि वाटीच्या बुडाने हलक्या हाताने रूळ फिरवावा तसं दाबलं. बटर पेपरला चीर पाडून तीतून पिठीसाखर भुरभुरली, की क्रीझ उमटली. एवढं करूनही फटीवर केसाएवढी भेग आलीच. ओवी वाकून बघत होती. "आत्या, राहू दे. तिसऱ्या दिवशी पिचला भेगा पडतात."

आता गवत. नुसता हिरवा रंग घातला तर क्रीम प्लास्टिकच्या बादलीसारखं दिसतं. दोन थेंब हिरवा, एक थेंब पिवळा, मग ते पावसानंतरच्या आठवड्यातलं गवत होतं. पिशवी मुठीत धरायची, टोक पृष्ठभागाला टेकवायचं, दाब द्यायचा, अर्धा सेंटिमीटर वर ओढायचं, दाब सोडायचा आणि मगच हात उचलायचा. दाब सोडण्याआधी हात उचलला तर गवताला शेंडीसारखं लांब टोक येतं. पहिले दहा-बारा झुबके तसेच आले. मग मनगटाला लय सापडली. टेक, दाब, ओढ, सोड. टेक, दाब, ओढ, सोड. चकलीलाही अशीच एक लय असते. ती सापडेपर्यंत आपण चकल्या करतो, सापडल्यावर त्या आपल्याआप होत जातात आणि आपण दुसरीकडे कुठेतरी निघून जातो.

टीव्हीवर मैदानात फिक्या-गडद हिरव्या पट्ट्या दिसतात ना, त्या दोन जातींच्या गवताच्या नसतात. यंत्र एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे जातं, पाती तशी तशी झुकतात, आणि प्रकाश त्यांच्यावरून वेगळा परततो. हे मला ओवीने सांगितलं. मग मी एक ओळ डावीकडे झुकवली, दुसरी उजवीकडे. अर्धं मैदान होईपर्यंत काही कळेना. तिने मोठा दिवा मालवून कोपऱ्यातला पिवळा दिवा लावला, आणि पट्ट्या उमटल्या. आम्ही दोघी काही बोललो नाही. खाली सोसायटीच्या आवारात मुलांचा किल्ला अजून उभा होता, त्यावरचे अळीव पिवळे पडून मान टाकत होते. त्या रात्री आमचं गवत ताजं होतं.

सीमारेषेला पांढऱ्या क्रीमची दोरी घातली. सहा शेवा उभ्या राहिल्या. भावाने लगेच हिशोब करून सांगितलं, की या मापाने हे स्टंप दुमजली घराएवढे आहेत. मी पिशवी खाली ठेवून कंबर सरळ केली आणि म्हटलं, झालं.

"प्रतिका कुठेय?" ओवी म्हणाली.

मला आधी वाटलं, शाळेतली मैत्रीण.

प्रतिका रावल. स्पर्धेत तिने 308 धावा केल्या होत्या. याच नेरूळच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध 122, स्मृती मानधनाबरोबर 212 ची सलामी. तीनच दिवसांनी, 26 ऑक्टोबरला, बांगलादेशाविरुद्ध सीमारेषेजवळ चेंडू अडवताना तिचा घोटा दुखावला. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावलं, आणि अंतिम सामन्यात शफालीने 87 धावा केल्या, वर दोन बळी घेतले, सामनावीर ठरली. नियमाप्रमाणे प्रतिकाची जागा दुसरीला दिलेली, त्यामुळे त्या रात्री पदकांच्या ताटात तिचं पदक नव्हतं. ती व्हीलचेअरवर बसून आली, अंगाभोवती तिरंगा गुंडाळलेला. मी हे सगळं बघितलं होतं आणि विसरूनही गेले होते. माझ्या डोक्यात झेल राहिला होता. ओवीच्या डोक्यात खुर्ची.

"पण ती मैदानात नव्हती," मी म्हटलं.

"म्हणून तर बाहेर कर ना."

भाऊ म्हणाला, तसं असेल तर अमोल मुजुमदारलाही बसव. 1988 साली आझाद मैदानावर सचिन आणि कांबळी 664 ची भागीदारी करत होते तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून हाच बसून राहिला होता. पुढे रणजीच्या पहिल्याच सामन्यात 260 केल्या, तरी भारताकडून खेळायला त्याला कधी मिळालं नाही, आणि आता या मुलींचा प्रशिक्षक तोच. गोष्ट चांगली होती. पण ओवीला मुजुमदार नको होता. तिला खुर्ची हवी होती, आणि खुर्चीला चाकं.

चोवीस कप होते, चोवीसही गवताखाली गेलेले. मी ओट्याकडे बघितलं. वाटीतला केक अजून तिथेच होता, कारण दुपारभर चहाला सवड झाली नव्हती. लंबगोल मैदान आणि चौकोनी बोर्ड, त्यामुळे चारही कोपरे रिकामे. त्यातल्या एकात, दोरीच्या बाहेर, तो बरोबर बसला. त्याच्यावर गवत काढलं नाही. साधा बदामी केक, कडेला वाटीची गोल रेघ उमटलेली. वर वेफर बिस्किटाचा चौकोन बसायला, अर्धा तुकडा पाठीला. चाकांना पोलोच्या गोळ्या, आयतं मधे भोक असलेल्या. मूठ म्हणून आईने डब्यातून एक वाकडी शेव शोधून आणली. चाळीस वर्षांपूर्वीच्या रुखवतात वाकड्या शेवा तिने बाजूला काढल्या होत्या, मला आठवतं.

बोर्ड फ्रिजमध्ये मावेना. भावाच्या खोलीत एसी 18 वर लावून मैदान रात्रभर पलंगावर निजलं, आणि माणसं हॉलमध्ये गाद्या टाकून.

रविवारी संध्याकाळी सतरा मुलं आली. सुरी लागत नाही, हीच या प्रकारातली मजा. मेणबत्ती विझल्यावर प्रत्येकाने आपापला कप ओढून काढायचा. सुरुवातीला सगळ्यांनी कडेचे उचलले, मधे हात घालायला जरा बिचकत होते. मग एका पोराने स्टंपसकट अर्धं पिच उपसलं, आणि धरबंद सुटला. दहा मिनिटांत बोर्डावर हिरवे फराटे, मारीचा चुरा आणि कागदी वाट्या. कुणाच्या नाकाला मिडविकेट, कुणाच्या कोपराला लाँग ऑन. आई खुर्चीत बसून आपला कप चमच्याने खात होती. "क्रीम जास्त आहे," ती म्हणाली, आणि सगळं खाल्लं.

रात्री मी ओटा पुसत होते. ओवी दोन्ही हातांत वाटीतला केक धरून आली. पोलो दोन्ही नाहीसे झाले होते, तिच्या श्वासाला पेपरमिंटचा वास येत होता.

"ही तुझी," ती म्हणाली. "नमुन्याची."

वहिनीने चहा टाकला. खुर्ची मी आधी उचलून खाल्ली. रात्रभरात वेफर मऊ पडलं होतं. खालचा केक कोरडा, थोडा जास्त भाजलेला, आणि जिथे शेव टोचली होती तिथे खारट.