सर्वनामे आणि स्थलांतर

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत, हे आम्ही बी.ए.च्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण'. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच शब्द आहे. प्रमाण हिंदीतही एकच. द्राविड भाषांच्या दीर्घ शेजाराचा हा परिणाम असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. विद्यार्थी एवढे उतरवून घेतात आणि तास पुढे सरकतो. व्याकरणाच्या पुस्तकातील हा बारीक भेद आमच्या घरात मात्र गेली काही वर्षे रोजच्या जेवणाखाण्याचा, शाळेचा आणि उपचारांचा प्रश्न होऊन बसला आहे. त्याविषयी हे टिपण.

आमचा मुलगा स्वमग्न आहे. हा शब्द आम्ही पूर्वी भावकवितेच्या संदर्भात वापरत असू. 'कवीची स्वमग्न वृत्ती' हे शब्द विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आजही सापडतात. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्व', या शब्दावरून 'ऑटिझम' ही संज्ञा विसाव्या शतकाच्या आरंभी घडवली, त्यामुळे मराठी पर्याय व्युत्पत्तीला धरून आहे. तरी तो आम्हाला पटत नाही. मुलगा स्वतःत मग्न नसतो. तो पंख्यात, पाण्याच्या धारेत, रेल्वेच्या रुळांत मग्न असतो. असो.

२०१४ साली त्याचा जन्म झाला तेव्हा आम्ही ब्रह्मपुरीला होतो. तिसऱ्या वर्षी नागपुरात निदान झाले. आठवड्यातून तीनदा लागणारी स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांची सोय आम्हाला गावी मिळेना. सव्वाशेच्या आसपास किलोमीटरचा प्रवास दर शनिवारी करून पाहिला आणि २०२१ मध्ये आजीसह बेसा येथे बिऱ्हाड हलवले. आमच्यापैकी एकाची नोकरी अजून तिकडेच आहे. विदर्भात ज्याला 'अपडाउन' म्हणतात ते चालू आहे.

बेसा हे नागपूरच्या दक्षिणेचे, मनीषनगर ओलांडल्यावर लागणारे गाव. गाव म्हणायचे ते सवयीने. शेतांच्या जागी फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या आणि त्यांत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा येथून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली माणसे राहू लागली. त्यांच्या जोडीला बालाघाट, छिंदवाडा, रायपूरकडची. लिफ्टमध्ये दोन मराठी माणसे भेटली तरी बोलणे हिंदीत सुरू होते आणि पुष्कळदा हिंदीतच संपते. हे दूषण म्हणून सांगत नाही. नागपूर एके काळी मध्यप्रांताची राजधानी होते आणि १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. शहराच्या जिभेला दोन्ही भाषांची सवय फार जुनी आहे. तथापि ज्या मुलाने चौथ्या वर्षापर्यंत मोजून तीस-पस्तीस शब्द मिळवले, त्याच्या दृष्टीने हे स्थलांतर एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात झालेले नव्हते.

थेरपीच्या पहिल्याच महिन्यात मुलाची भाषिक नोंद झाली. तो 'पानी' म्हणाला, म्हणून घरची भाषा या रकान्यात 'हिंदी' असे लिहिले गेले. हा 'पानी' हिंदी नव्हता. तो आजीचा होता. ब्रह्मपुरीच्या पट्ट्यातील झाडीबोलीत 'ण' नाही; तेथे पाणी 'पानी'च असते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य वेचले, तिची साहित्यसंमेलने भरू लागली. मात्र उपचारकेंद्राच्या छापील अर्जापर्यंत ती अजून पोहोचलेली नाही. थेरपिस्ट मॅडम स्वतः रायपूरहून आलेल्या, मनाने अतिशय चांगल्या. त्या म्हणाल्या, "घर में एक ही लैंग्वेज रखिए, बच्चा कन्फ्यूज़ होता है." म्हणजे आजीने नातवाशी हिंदीत बोलावे किंवा गप्प राहावे. आजीला हिंदी येते ते बाजारापुरते.

हा सल्ला जगभर दिला जातो आणि तो देणाऱ्यांचा हेतू शुद्धच असतो. परंतु त्याला आधार सापडत नाही. हॅम्बली आणि फोम्बोन यांनी कॅनडात केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. दोन भाषा कानांवर पडणाऱ्या स्वमग्न मुलांचा भाषाविकास, एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न मुलांच्या तुलनेत, त्या कारणाने अधिक मागे पडल्याचे त्यांना आढळले नाही. नंतरच्या अभ्यासांचा कलही बहुतांशी तसाच आहे. आम्ही तो निबंध छापून मॅडमना दिला. त्यांनी तो वाचला, हे विशेष.

आता सर्वनामांकडे येतो. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वेगळी ओळख दिली, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या तीक्ष्ण कानांनी टिपली होती. ही मुले सर्वनामे ऐकली तशीच परत करतात. स्वतःला 'तू' आणि समोरच्याला 'मी' म्हणतात. कॅनर स्वतः स्थलांतरित होते. आजच्या युक्रेनमधील एका खेड्यात १८९४ साली जन्मलेले, १९२४ साली बर्लिनहून अमेरिकेला गेलेले; तरुणपणी जर्मन भाषेत कविता लिहिणारे. ज्याला स्वतः परकी भाषा शब्दाशब्दाने मिळवावी लागली, त्याच्याच कानाला हे जाणवावे, यात आम्हाला नवल वाटत नाही.

इंग्रजीत ही उलटापालट एवढ्यावर थांबते. मराठीत क्रियापद लिंग सांगते, त्यामुळे वाक्य कुणाकडून उचलले तेही कळते. आमचा मुलगा 'मी जाते' म्हणतो तेव्हा ते आईचे वाक्य असते. 'मी जातो' म्हणाला तर व्याकरण बरोबर, पण वाक्य बाबांचे. 'जेवतोस का?' याचा अर्थ 'मला भूक लागली.' केंद्रात गेल्यावर 'मैं आती हूँ' येऊ लागले, कारण तेथे शिकवणाऱ्या सगळ्या स्त्रियाच आहेत. हे सारे चुकीच्या रकान्यात जमा होत असे. वास्तविक प्रत्येक वाक्यावर त्याच्या मूळ मालकाची मुद्रा आहे, आणि ती वाचता आली तर मुलाला त्या क्षणी कोणाची आठवण झाली तेही समजते.

कॅनर यांचा १९४६ चा निबंध साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. स्वमग्न मुलांच्या असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यात रूपक असते, असे त्यांनी दाखवले आहे. एका मुलाची आई त्याला बडबडगीत म्हणून दाखवत होती, तेवढ्यात तिच्या हातून स्वयंपाकाचे भांडे पडले. त्यानंतर तसे भांडे दिसले की मुलगा गीतातील तेच शब्द उच्चारी. रूपक खरे, फक्त त्याची किल्ली घरातल्यांजवळ. आमच्याकडे असे एक रूपक आहे. नागभीडहून नागपूरला येणारी नॅरोगेज ही मुलाची सर्वांत आवडती वस्तू होती. २०१९ च्या अखेरीस ब्रॉडगेजच्या कामासाठी ती थांबली. फलाटावर कुणीतरी म्हणाले, "गाडी बंद." तेव्हापासून दूध संपले, वीज गेली, बाबा सोमवारी निघाले, की मुलगा म्हणतो, "गाडी बंद." अहवालात याची नोंद 'असंबद्ध बोलणे' अशी होती. संदर्भ सांगितल्यावर मॅडमनी ती खोडली आणि पुढच्या सत्रात खेळणे संपल्यावर स्वतःच म्हणाल्या, "गाडी बंद." मुलाने त्यांच्याकडे पाहिले. तोवर तो त्यांच्याकडे सहसा पाहत नसे.

आमच्यापैकी एकाची धाकटी बहीण, म्हणजे दुसरीची नणंद, न्यू जर्सीत असते. तिचा मुलगाही स्वमग्न आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना मोफत आणि सुयोग्य शालेय शिक्षणाचा हक्क दिला, १९९० मध्ये त्यात ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आला. प्रत्येक मुलासाठी वेगळा लेखी आराखडा करावा लागतो. कायदा असेही सांगतो की शक्य तोवर मुलाची तपासणी त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हावी. एवढे असूनही 'घरी इंग्रजीच बोला' हा सल्ला तिलाही मिळाला आणि तिच्या घरातील मराठी ओसरली. परवा फोनवर म्हणाली, "वहिनी, इथे सगळं मिळालं. पण आईचा फोन आला की मध्ये मलाच दुभाषी व्हावं लागतं."

आमच्याकडचे कायदे वाचायला घेतले तर तेही थोर आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हतीच; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. शिक्षण 'सर्वांत योग्य भाषेत' द्यावे असे त्यात म्हटले आहे, परंतु ते अंध आणि कर्णबधिर यांच्यापुरते. भाषेशीच ज्यांचा झगडा आहे त्यांचे नाव त्या वाक्यात नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मातृभाषेचा आग्रह धरतो, तोही 'शक्य तोवर'.

या 'शक्य तोवर'चा अनुभव आम्ही प्रवेशाच्या वेळी घेतला. परिसरातील एका इंग्रजी शाळेने मुलाला पाहण्याआधीच शॅडो टीचर आणण्यास सांगितले, आणि आणतो म्हटल्यावर जागा भरल्याचे कळवले. दुसरीने फोन उचलणे सोडले. अखेरीस जवळच्या गावातील जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत प्रवेश मिळाला. शाळेचा पट घसरत होता, तिलाही मूल हवे होते; या व्यवहारात दयेचा भाग कमी होता, हेच आम्हाला बरे वाटले. गुरुजींनी एकच विचारले, "मारतो का?" नाही म्हटल्यावर रजिस्टर उघडले. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक अधूनमधून येतात. त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की अधिक येणे त्यांना जमणारे नाही.

आणि याच काळात 'आपण'ने हात दिला. 'मी' आणि 'तू' बोलणाऱ्यागणिक फिरतात. 'आपण' फिरत नाही. आजी म्हणते, "आपन जेवू." मुलाने ते जसेच्या तसे परत केले तरी अर्थ बिघडत नाही, वाक्य बरोबरच राहते. त्याचे पहिले बिनचूक वाक्य हेच होते. गंमत अशी की नागपूर-रायपूरच्या बोलीहिंदीतही 'अपन' आहे, नेमक्या याच अर्थाने. मॅडम घरी तसेच बोलतात. केंद्रात मात्र पुस्तकी 'हम' वापरत. आम्ही सुचवल्यावर त्यांनी 'अपन' आणले: "अपन पानी पिएँगे." आजीचा 'आपन' आणि मॅडमचा 'अपन' यांतला फरक मुलाने काढला नाही. दोन महिन्यांत 'आपन' धरून त्याची नऊ वाक्ये झाली. 'मी' अजून डळमळीत आहे. गेल्या महिन्यात शाळेत हजेरी घेताना तो 'हजर आहे'ऐवजी 'आपन हजर' म्हणाला, वर्ग हसला, गुरुजींनी खूण केली आणि पुढचे नाव घेतले.

नणंदेला हे कळवले. ती आता रोज जेवताना मुलाशी एक वाक्य 'आपण'ने बोलते. अजून त्याचे उत्तर आलेले नाही.

मुलगा पाचवीत आहे. शाळा सातवीपर्यंत आहे. आठवीसाठी कुठे जायचे, याची चौकशी आम्ही आतापासूनच सुरू केली आहे. दोन शाळांनी मे महिन्यात भेटायला सांगितले आहे.